बैल सोडायची जागा

आमच्या मालकाला कुणी रामराम घातला की ते आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे. मग म्हणायचे, "बस. अर्धा तास हाय का तुझ्याकडं?" नाही म्हटलं की तोंड फिरवायचे. "मग रामराम तरी कशाला घालतो? जा."

गावात त्यांना माघारी अर्धातास म्हणत. अर्धातास आला, अर्धातास गेला. तोंडावर मात्र मालक. मीही मालकच म्हणायचो, कारण माझं हॉटेल त्यांच्या जागेत. हॉटेल म्हणजे काय, चार पत्रे, दोन बाकडी आणि एक चूल. येडशीकडून येरमाळ्याकडं जाताना हायवेच्या कडेला एक जुना लिंब आहे, त्याच्या खाली. चहा-भजी माझी घरची, म्हणजे बायको, करायची. मी पाणी आणायचो, भांडी घासायचो आणि गिऱ्हाइकाशी भांडायचो. आता घरची नाही. मालकही नाहीत. लिंब आहे.

रस्ता रुंद केला तेव्हा दोन्ही अंगाची झाडं गेली. हा लिंब मालकाच्या हद्दीत हातभर आत होता म्हणून राहिला. त्याच्याखाली मालकांची बाज. उन्हाळा असो की थंडी, शेजारी काळी छत्री. मोतीबिंदूच्या वेळी मिळालेला काळा चष्मा त्यांनी डोळे बरे झाल्यावरही काढला नाही. म्हणायचे, "मी बघायलोय का झोपलोय, हे ह्याच्यातनं कुणाला कळत न्हाय. लई सोयीचं हाय."

सकाळपासून रस्त्याकडं तोंड करून बसायचे. मी एकदा विचारलं, "काय बघायलाव मालक?"

"कोण कुठं थांबतंय ते."

"त्यात काय बघायचं?"

"माणूस कुठं जातंय ते समदे इचारतेत. कुठं थांबतंय ते कुणीच बघत न्हाय."

कळंबच्या बाजारात एकदा गाय विकायला नेली. मीही बरोबर होतो. गिऱ्हाईक आलं, दात बघितले, सड बघितले, भाव ठरला. मालक म्हणाले, "आता हिच्याजवळ अर्धा तास बस. तू हिला बघितलं, हिलाबी तुला बघू दे की." तो माणूस थोडा वेळ बसला, मग उठला, मग पान खाऊन येतो म्हणून गेला तो गेलाच. संध्याकाळी गाय माघारी. घरचीनं विचारलं, "का ओ मालक, गाईला गिऱ्हाईक पसंत पडलं न्हाय का?"

"न्हाय पडलं. माणूस चुळबुळ्या होता," मालक म्हणाले, आणि गाईला पेंड घातली.

अशा माणसाला विजेच्या गाडीचं वेड लागावं हे कुणाला खरं वाटणार नाही. पण लागलं, आणि ते पोरीपायी लागलं.

मालकांची बायको लवकर गेली. पदरात एक पोर. ती शाळेतून सुटली की थेट आमच्या हॉटेलात यायची, चुलीपाशी बसून भजी खायची. आम्हाला मूलबाळ नाही. घरचीनं तिची वेणी घातली, तिच्या उवा काढल्या, तिला रागं भरली. पुढं पोर पुण्याला दिली. दर खेपेला माघारी जाताना ती लिंबाखाली थांबायची आणि घरची तिची ओटी भरायची. तांदूळ असले तर तांदूळ, नसले तर गहू. नारळ नसला तर सुपारी न् गुळाचा खडा. कुंकू लावायची. ते करताना इतकं बोलायची, इतकं बोलायची, की जावई दोनदा गाडीत बसून दोनदा उतरायचे. मालक बाजेवर बसून घड्याळ बघायचे. आता मला वाटतं, त्यांचा तो अर्धा तास तिथूनच आला असेल. पोर जायच्या आधीचा.

जावयांनी विजेची गाडी घेतली. पहिल्यांदा आली तेव्हा घरची पाठमोरी भजी तळत होती. वळून बघते तर दारात पोर उभी. घरचीच्या हातातला झारा पडला.

"अगं बया. आवाज तरी करायचा."

"गाडीला आवाजच न्हाय काकू," पोर हसत म्हणाली.

मालकांनी गाडीच्या नाकावर हात ठेवला. "बंद हाय का चालू?" मग म्हणाले, "चांगली हाय, पर हिला म्हशी बाजूला व्हायच्या न्हाईत."

घरची मात्र हसली नाही. म्हणाली, "पोर आल्याली कळत न्हाय, तसं गेल्यालीबी कळायचं न्हाय."

येताना गाडीत वीज भरून आली होती, जाताना परत भरायला पाहिजे होती. मालकांच्या घरी गोठ्यात एक बोर्ड, त्याला वायर लावली. रात्रभर लावून सकाळी बघतात तर गाडीला काहीच पोचलं नव्हतं. वीज मधेच गेली होती, आणि आली तेव्हा म्हशीनं वायर ओढून टाकली होती. जावई चिडले नाहीत, चांगला माणूस आहे. दुसरा दिवसही तिथंच काढला. पोर खूश, बाप खूश, म्हैस खूश. मालक म्हणाले, "ह्या गाडीचं एक बरं हाय. आली की लवकर जात न्हाय."

तेच पुढं अंगाशी आलं. मालक त्यांच्याबरोबर चार दिवस पुण्याला निघाले. पोर तेव्हा पोटुशी होती. चैत्राचं ऊन. वाटेत गाडी भरायला थांबणं भाग होतं. ती जागा म्हणजे रस्त्यापासून आत, एका बंद पडलेल्या गोदामाच्या मागं. वर पत्रा नाही, झाड नाही. प्यायला पाणी नाही. संडास होता, त्याला कुलूप. यंत्र नवं, चकचकीत, निळा दिवा लागलेला.

मालक पुण्याहून एसटीनं परत आले, बाजेवर बसले. घरचीनं चहा दिला, तो त्यांनी तसाच ठेवला. मग सांगितलं.

"पोरीला जावंसं झालं. कुठं जाईल? गोदामाच्या भिताडाला बसली. जावई रस्त्याच्या अंगाला हुबा राहिला. मी दुसऱ्या अंगाला छत्री उघडून, पाठ करून हुबा राहिलो. बापानं, वैनी. बापानं छत्री धरली."

घरचीनं गार झालेला चहा ओतून दिला आणि नवा ठेवला.

त्यानंतर जावयांनी सांगून टाकलं, तिकडं चार्जर होईपर्यंत गाडी आणायची नाही. बाळ झालं. तान्हं घेऊन एसटीत बसायचं तिला जमेना. दिवाळी गेली, पोर आली नाही. नागपंचमी गेली, आली नाही. घरची म्हणाली, "समद्यास्नी माहेर असतंय. आमच्या पोरीच्या माहेराला चार्जर न्हाय."

त्या दिवसापासून मालक उठले ते चार्जरच्याच मागं. कुणी शेतीचं विचारलं तरी उत्तर चार्जरचं. ग्रामसभेत उठून म्हणाले, ठराव करा. सरपंच म्हणाले, "मालक, आधी गावात नळाला पाणी तर येऊ द्या." सगळे हसले. मालक म्हणाले, "पाणी आलं तरी तुझ्या दारात प्यायला थांबतंय कोण?" आणखी हसले. पण त्यांना हसणं ऐकूच जायचं नाही.

त्यांचं म्हणणं असं. कंपन्या नकाशावर बोट ठेवून जागा ठरवतात. इथून इतक्या अंतरावर एक, तिथून तितक्यावर एक. ते म्हणायचे, हे इंजनाचं गणित झालं, उतरणाऱ्याचं नाही. पेट्रोल पंपावर माणूस उतरत नाही, काच खाली करतो. ह्या गाडीत माणसाला अर्धा तास उतरावंच लागतं. म्हणजे ही मोटार नाही, ही बैलगाडी आहे. तेव्हा बैल कुठं सोडायचे ते बघा.

येरमाळ्याच्या चैत्री यात्रेला पूर्वी तुळजापूरकडून, येडशीकडून बैलगाड्या यायच्या. त्या ह्याच लिंबाखाली सुटायच्या. दगडी हौद अजून आहे. मालक लहानपणी त्या हौदात पाणी भरायचे. म्हणायचे, "बैल सोडायला सावली लागती. पाणी लागतंय. बाईमाणसाला आडोसा लागतो. एवढं तर कुणीबी सांगंल. पर आणखी एक लागतंय. कुठनं आलाव, म्हणून इचारणारं कुणी तरी लागतंय. ते नसलं तर बैल बसत न्हाय. हुबा राहतो."

"बैलाला काय कळतंय, कोण इचारतंय ते?" मी म्हणायचो.

"तुला कळत न्हाय म्हणून बैलालाबी कळू ने का?"

हे खरं असेल का खोटं, मला माहीत नाही. मी बैल कधी राखले नाहीत. पण ते असं सांगायचे की पुढं बोलायला जागाच राहायची नाही.

एकदा ते न सांगता तुळजापूरला गेले. देवीच्या दर्शनाला नाही. गाड्या लावायच्या मैदानात जाऊन, विजेच्या गाड्या हुडकून, त्यातनं उतरणाऱ्या बायकांना विचारायला लागले, "ताई, वाटंत कुठं थांबलाव? संडासाला आतनं कडी व्हती का?" काळा चष्मा, काळी छत्री आणि हा प्रश्न. एकीचा नवरा अंगावर आला. लोक जमले. पोलिसांनी बाजूला बसवून ठेवलं. मला फोन आला, मी एसटीनं गेलो. साहेब मला म्हणाला, "कोण लागतो हा तुझा?"

मी म्हणालो, "मालक हायेत साहेब. पोरीसाठी कराय लागलेत."

"काय करायला लागलेत?"

मालक बाकड्यावरून म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं अर्धा तास हाय का?" साहेबानं हात जोडले आणि सोडून दिलं.

घरी आल्यावर घरचीनं दोघांनाही झाडलं. "मालक, बाईला असलं गडीमाणसानं इचारायचं असतंय व्हय? म्या इचारते. तुमी आपलं बाजंवर बसा." मग ती चहा देता देता विचारायला लागली. कुठनं आलाव, लेकरू कितव्यात हाय, माहेर कुठलं, वाटंत त्रास झाला का. बाया तिला सगळं सांगायच्या. अनोळखी बाई पण तिच्यापाशी चपला काढून बसायची. मालक लांबून बघायचे आणि मला म्हणायचे, "बघ. बसली का न्हाय?"

मग त्यांनी संडास बांधायला काढला. कडी स्वतः लावली, वाकडी लावली. घरचीनं आत जाऊन बघितलं, बाहेर आली आणि म्हणाली, "ही कडी कुणाच्या उंचीची हाय? पोटुशी बाई वाकंल का एवढी?" कडी वर घेतली. ती दार फुगल्यावर लागेना. परत काढली. एका कडीपायी दोघं महिनाभर भांडत होते. शेवटी बसली. बाहेर कळंबच्या पेंटरकडून पाटी रंगवून घेतली. सावली. पाणी. आतून कडी. आणि खाली, चार्जिंग होणार आहे. ट्रकवाले पाटी वाचून हॉर्न मारायचे. मालक हात वर करायचे, जणू कुणी सलामीच दिली.

जावयांची ओळख निघाली. एक कंपनी ह्या रस्त्यावर जागा बघत होती. दोन जागा त्यांच्या मनात आल्या. एक पुढचं मोठं हॉटेल, लॉन वगैरे असलेलं. दुसरी आमची. माणसं येऊन बघणार, मग ठरणार. घरचीनं ऐकलं तेव्हा चुलीपुढंच हात जोडले. म्हणाली, "झालं तर पोर पंचमीला येती बघा." फडताळातला कुंकवाचा करंडा काढून पुसून ठेवला.

माणसं यायच्या आधी ती गेली. पोटात गाठ निघाली होती. सोलापूरला नेलं, आणलं, परत नेलं. शेवटी म्हणाली, आता न्हेऊ नका. थंडीत गेली. ह्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहून काय होतं.

पोर बाळ घेऊन एसटीनं आली, पण तोवर आम्ही तिरडी बांधली होती. आमच्याकडं मसणात जाताना वाटेत तिरडी खाली ठेवतात, खांदे बदलतात. विसावा म्हणतात. आमच्या गावचा विसावा ओढ्याजवळ आहे, तिथं धोंडा आहे, पिढ्यान् पिढ्या तिथंच टेकवतात. मालक छत्री आडवी धरून वाटेत उभे राहिले. म्हणाले, "वड्याला न्हाय. लिंबाखाली ठेवा."

लोक म्हणाले, "मालक, रीत मोडू नका."

"ठेवा म्हणतोय न्हवं."

ठेवली. लोकांना वाटलं, खांदे बदलून लगेच उचलायची. मालक बाजेवर बसले आणि घड्याळ बघायला लागले. कुणी उचलायला वाकलं की छत्री टोचायचे. माणसं कुजबुजायला लागली, कुणी बिडी पेटवली, कुणी शिव्या दिल्या. रस्त्यावरनं गाड्या जात होत्या. अर्धा तास ती तिथं पडून होती, लिंबाचा पाला तिच्यावर पडत होता. मला ते बरं वाटलं. आणखी अर्धा तास ठेवली असती तरी चाललं असतं.

मग मालक उठले. "उचला," म्हणाले.

पोर पुण्याला परत गेली त्या दिवशी ओटी भरली नाही. सुतकात भरत नाहीत. पण ती लिंबाखाली थांबली होती, सवयीनं. एसटी आली, चढली.

त्यानंतर कंपनीची माणसं आली. एक गडी होता आणि एक तरणी पोरगी, इंजिनियर. हॉटेल बंदच होतं. मी चुलीपाशी बसलेला. पोरगीनं टेपानं सगळं मोजलं, विजेचा डीपी बघितला, लाईन बघितली, फोटो काढले. संडासात जाऊन आली आणि मालकांना म्हणाली, "बाबा, अख्ख्या रस्त्यात पहिल्यांदा नीट कडी लागली बघा." मालकांनी घड्याळ बघितलं. ती म्हणाली, "जागा मस्त आहे. आम्ही हीच कळवणार. त्या हॉटेलापेक्षा ही बरी."

मला वाटलं, झालं. घरची नाही, पण पोर तरी येईल.

मालक म्हणाले, "अर्धा तास हाय का तुमच्याकडं?"

ती हसली. "आहे की."

"मग बसा. गाडी भरायला लावलीय असं समजा."

ती बाकड्यावर बसली, गडी गाडीत बसला. मला मालकांनी खूण केली म्हणून मी चहा टाकला. कितीतरी दिवसांनी टाकला. दूध उतू गेलं. साखर कुठल्या डब्यात असते तेच मला ठाऊक नव्हतं, ते डबे घरचीचे. कसाबसा कप नेऊन त्या पोरगीपुढं ठेवला आणि परत येऊन बसलो. तिला काही विचारावं असं वाटलं. कुठली गं तू, आईबाप कुठं असतात, जेवलीस का. चार शब्द. पण माझं तोंड तेव्हा कुणापुढंच उघडत नव्हतं. तिनं चहाचा एक घोट घेतला, कप बाकड्याखाली ठेवला. मोबाईल बघितला. रस्ता बघितला. घडीभरानं उठली, लिंबाला हात लावला, हौदात डोकावली. परत बसली नाही. गाडीला टेकून उभी राहिली.

मालक काळ्या चष्म्यातनं बघत होते. मग घड्याळाकडं बघायचंही त्यांनी सोडलं. म्हणाले, "बाय, हुबी का गं?"

"काही नाही बाबा. असंच."

"व्हय," मालक म्हणाले. "मग लिहा. ही जागा न्हाय. नापास."

तिला वाटलं, म्हातारा चेष्टा करतो. "अहो बाबा, जागा पास आहे. मी सांगतेय ना."

"माझी जागा हाय आन् म्या न्हाय म्हणतोय. त्या मोठ्या हॉटेलाला द्या. तिथं निदान खुर्च्या तरी हायेत."

तिनं मला विचारलं, "काका, तुम्ही तरी सांगा ह्यांना." मी उठलो. मालकांपुढं जाऊन उभा राहिलो. आयुष्यात त्यांच्याशी आवाज चढवून बोललो नव्हतो, तेव्हा बोललो.

"डोस्कं फिरलंय का तुमचं? पोरीसाठी एवढं केलं. पोलिसांत बसलाव. तुमच्या वैनीनं त्या कडीपायी महिना घातला. आन् आता न्हाय म्हणता? तुमच्या पोरीनं यायचं कसं?"

मालकांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे मी किती वर्षांनी बघितले. चांगले होते डोळे, लाल होते.

"यायचं कुठं?" ते म्हणाले. "तिला म्या हितं बलावू, आन् अर्धा तास बसवू, आन् रिकाम्या ओटीनं माघारी लावू? सावली हाय. पाणी हाय. कडी हाय. सांग तूच, ही बैल सोडायची जागा राहिली का?"

मी म्हणालो, तुम्ही येडे आहात. आणि पत्रा ओढून आत जाऊन बसलो. कंपनीची माणसं कधी गेली ते बघितलं नाही.

मोठ्या हॉटेलात चार्जर झाला. एका रांगेत चार यंत्रं, निळे दिवे. मालक त्यानंतर बाजेवर बसले खरे, पण रस्त्याकडं पाठ करून. आम्ही बोलायचो, पण कामापुरतं. एके दिवशी ते हौदापाशी घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. पोर आली, ती त्याच गाडीतनं आली, आणि त्यांना घेऊन गेली. पोरीला माहेरी आणायला निघालेला माणूस पोरीच्या घरी गेला. जाताना छत्री इथंच राहिली.

पुण्यात ते आठव्या मजल्यावर. फोन यायचा कधी कधी. "खाली गाड्या लावायच्या जागंत भिताडाला भिताडाला चार्जर हाय रे. दर गाडीला एक. रात्री लावतेत, सकाळी काढतेत. कुणी कुणाकडं बघत न्हाय." मग विचारायचे, "थांबतंय का कुणी आपल्याकडं?"

"पाटी बघून थांबतेत," मी सांगायचो. "चार्जिंग कुठंय इचारतेत. म्या म्होरं हॉटेल सांगतो."

"बसतेत का?"

"न्हाय."

"हूं," म्हणायचे आणि ठेवायचे. त्या हूं-मध्ये त्यांना बरोबर ठरल्याचं समाधान होतं का दुःख होतं, ते फोनवर कळायचं नाही.

मालक पुण्यातच गेले. मातीला मला जाता आलं नाही. पोर रक्षा घेऊन आली, थोडी शेतात टाकायला, थोडी लिंबाच्या बुडाशी. त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी बाकड्यावर बसलो होतो. गाडी कधी येऊन थांबली ते कळलं नाही. वर बघितलं तर पोर समोर. बरोबर जावई आणि पोरगं, आता चालायला लागलेलं.

"गाडी भरली का?" मी विचारलं.

"व्हय काका. त्या हॉटेलात. सगळं हाय तिथं, एसी हाय, बाथरूम चांगलं हाय." मग म्हणाली, "अर्धा तास गेला. ह्यांनी मोबाईल बघितला, पोरानं मोबाईल बघितला. कुणी काही बोललं न्हाय आमच्याशी."

लिंबाच्या बुडाशी रक्षा टाकली. पोरगं हौदात हात घालून खेळलं. ती बापाच्या बाजेवर बसली, रस्त्याकडं तोंड करून. माझ्याकडं बघितलं, बंद पत्र्याकडं बघितलं. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही. किती वेळ बसली ते मी बघितलं नाही. माझ्याकडं घड्याळ नाही. मग पदर सावरून उठली. "येते काका," म्हणाली. जावई गाडीत जाऊन बसले होते.

मी थांब म्हणालो. का मनातच म्हणालो, आता सांगता येत नाही. पत्रा सारून आत गेलो. ओटी गडीमाणसानं भरायची नसते, त्यात मी रंडवा, बायको गेलेला. माझ्या हातचं कुंकू कोण घेणार? पण वाटलं, पोरगं आहे की. त्याच्या मुठीत तांदूळ द्यावेत, त्यानं आईच्या पदरात टाकावेत. एवढीच वाट मला दिसली. करंडा सापडला, आतलं कुंकू धरून खडा झालं होतं. तांदळाचा डबा उघडला तर तांदळात किडे. ती गेल्यापासून तो डबा कुणी उघडलाच नव्हता. उजेडाला बसून निवडायला लागलो, एकेक दाणा. चांगले चांगले बाजूला काढले. पोरीच्या पदरात किडका दाणा नको. मूठभर झाले तेव्हा उठलो.

मूठ धरून बाहेर आलो. लिंबाखाली सावली होती. हौदात पाणी होतं. बाजेवर कुणी नव्हतं.

त्या गाडीला आवाज नसतो.